निर्जीवाचा रकाना

१२ मे

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. गुडघ्यामुळे उशीर झाला, असं लिहिणार होतो. पण लिहायला गुडघा लागत नाही, असं तुझी वहिनी म्हणाली. ती बरी आहे. तिच्या तोंडाचा पट्टाही बरा आहे. मला मात्र छातीत धडधडतं, जिना उतरताना पाय पुढे टाकवत नाही. असो.

तळ्यावर तुझ्या जागी मालकांनी कुणाला ठेवलं नाही. ठेवून करणार काय? तळ्यात मासाच नाही. वर शेवाळाचा हिरवा थर, सायीसारखा जाड. आता मुरूम टाकून बुजवणार म्हणतात.

तिकडच्या मत्स्यकेंद्रावर तुला घेतील, फक्त मासे तुझ्या औषधाने मेले नाहीत अशा इथून चार ओळी हव्यात. मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "भाऊ तुझा, तूच लिही. मी सही करतो." सगळं माझ्याच हातात आलं, म्हणूनच हात चालेना.

आपली तळ्याची वही आठवते? तू दोन रकाने आखलेस, सजीव आणि निर्जीव. एकीकडे पाणकावळे, शेवाळ, गोगलगायी. दुसरीकडे ऊन, सावली, वारा, पाण्याची ऊब. मी चौथीत शाळा सोडलेला. म्हणालो, "निर्जीव कुणाचं काय करणार रे? निर्जीव म्हणजे तुझी वहिनी, चहा व्हायच्या आधी." तू पोट धरून हसलास. मग म्हणालास, "दादा, ऊब दुपारी मोज. पहाटे पाणी सगळ्यांशीच गोड बोलतं."

मी पहाटेच मोजली. दुपारी ऊन लागतं मला. त्या रकान्यात रोज लिहिलं, ठीक.

पाणकावळे मात्र डोळ्यांत तेल घालून मोजले. काठावरच्या वाळुंजाच्या तीन झाडांवर चाळीस. मासे हेच संपवणार, या धास्तीने अन्न गोड लागेना. तू सासुरवाडीहून परतलास आणि विचारलंस, "दादा, झाडं कुठे गेली?" मी म्हणालो, "वादळात पडली." तू बुंध्यांकडे पाहिलंस. वादळ इतकं सरळ कापत नाही.

पाणकावळे गेले आणि ऊन आलं. पाणी तापलं, वर हिरवा थर धरला, मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. पाणकावळा खाऊन खाऊन किती खाणार? उन्हाने सगळेच खाल्ले. मालकांनी विचारलं तेव्हा मी वहीतलं 'ठीक' दाखवलं आणि म्हणालो, "पाण्यात काही दोष नाही. यानेच परवा औषध टाकलंय."

मालकांनी तुला काढलं, आणि तू बुंध्यांचं नाव न काढता सामान बांधलंस. का रे? थोरल्याचा मान? जळो तो मान. तेव्हाच चारचौघांत माझं थोबाड फोडलं असतंस, तर आज हे लिहावं लागलं नसतं. याचाही राग येतो मला तुझा. कुणावर तरी यायला हवा ना.

आज चार ओळी लिहिल्या. मालकांनी वाचल्या, सही केली आणि म्हणाले, "आता तुला कुठल्या रकान्यात घालू?"

कागद सोबत आहे. वहीही पाठवतो. शेवटचं पान बघ. निर्जीवाच्या रकान्यात पहिल्यांदा खरं लिहिलंय: सावली नाही. झाडं तीन. तोडणारा मी.

तुला अजून चिरंजीव लिहिणारा,
तुझा थोरला