न आणलेले कोट

जॅनेल,

आपल्या चार गावांनी मिळून पैसे घातले आणि बिथरलेल्या पोरांसाठी, त्यांच्या घरच्यांसाठी समुपदेशनाची केंद्रं काढली, तेव्हा थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवताना आपण दोघीही नाक मुरडून म्हणालो होतो, "आपल्याला काय करायचीत?"

काल माझ्या टोबीला घेऊन मी मुद्दाम तिसऱ्याच गावच्या केंद्रात गेले, ओळखीचं कुणी भेटायला नको म्हणून. समोरच्या खुर्चीत कोण, तर माझी सख्खी धाकटी बहीण, शेजारी तिची ब्रिन!

"मी इथे गरजूंसाठी जुने कोट द्यायला आलेय," तू म्हणालीस.

"मीसुद्धा," मी म्हणाले.

दोघींचे हात रिकामे. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघं फिस्सकन हसली. टोबी शाळा सोडून खोलीत कोंडून बसल्यापासून मी त्याचं हसू ऐकलंच नव्हतं गं.

ब्रिनचं काय बिनसलंय, ते मी विचारणार नाही. वाटेल तेव्हा सांग.

हे पत्र काही पोस्टात टाकत नाही. त्यापेक्षा गुरुवारी तुझ्या दारात येऊन हॉर्न वाजवते. चौघं एकाच गाडीतून केंद्रात जाऊ, बघू दे कुणाला बघायचंय ते.

कोट मात्र अंगात असेल तेवढाच आण.

तुझी थोरली,
मार्लिस