अक्काचा सकाळचा जप

पालम

तीर्थस्वरूप अक्कास, धाकट्या नर्मदेचा दंडवत.

माझ्या नातीचा, राजनंदिनीचा गळा सुजला तेव्हा तिला आधी गंगाखेडला तुझ्याकडंच आणलं. "दृष्ट लागली गं बाई," म्हणून तू मंतरलेला दोरा बांधलास. त्या दोऱ्यावर वर्ष काढलं, अन् गाठ लिंबाएवढी झाली. परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मीठ कोणतं खाता? घराण्यात कुणाला थायरॉईड हाय का?" मी छातीठोकपणे सांगितलं, "मीठ पुडीतलंच. अन् घराण्यात कुणालाच न्हाई."

परवा तुझ्या देवघरात काडेपेटी शोधताना डॉक्टरीणबाईंनी नंदिनीला दिल्या तसल्याच गोळ्यांची बाटली सापडली, अर्धी संपलेली. सकाळी तासभर चहाला न शिवता तू करतेस तो जप मग उमगला. लोकांना मी केवढ्या कौतुकानं सांगायचे!

सासरी लपवलंस, ते समजतं. पण एका ताटात जेवलेल्या बहिणीलाही सांगू नये? स्वतःला गोळी अन् माझ्या पोरीला दोरा?

तुला आलेली पत्रं तुझी सूनबाई वाचून दाखवते, म्हणून हे टपालात टाकणार न्हाई. आता गोळी घेतल्यावर नंदिनी चहासाठी तासभर थांबते, मीही तिच्यासोबत थांबते. काल शेजारीण म्हणाली, "आजी-नातीचा जप चाललाय वाटतं?"

"न्हाई काकू," नंदिनी म्हणाली, "थायरॉईडची गोळी घेतलीय."

तुझं गुपित राखून असलेली,
नर्मदा