रोझीचं पायपुसणं

सोम., १२ जाने.
रोझीचं पायपुसणं झालं एकदाचं. चिंध्यांचं, लाल-निळं. काठ वाकडा. उसवून सरळ करते म्हटलं तर माझ्याच हातावर चापट! एकोणतीस वर्षांची घोडी, समज सहा वर्षांच्या पोरीची, पण मिजास बघावी. रविवारी चर्चच्या फेस्तात, म्हणजे सणाच्या जत्रेत, लिलावाला लावणार. पैसे सिस्टरांच्या केंद्राला, म्हणजे रो.सारख्याच पोरापोरींना. सारखी विचारते, "कोण घेणार गं आई?"

गुरु., १५ जाने.
दवाखाना. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, जिने चढू नका. मग काय उडत जाऊ? घरी येऊन रडले जरा. माझ्यामागं हिला केंद्राशिवाय कोण आहे? सि. मेबल म्हणतात, "राहायला पण घेऊ आम्ही. फक्त तिची खुशी पाहिजे." खुशी आहेच म्हणा. रोज सकाळी केंद्राला जायला माझ्याआधी चप्पल घालून दारात उभी.

रवि., १८ जाने.
काय होऊन बसलं हे.
चर्चमधली मिस्सा-प्रार्थना झाल्यावर लिलाव. भोपळा, कोंबडा, केक, मग रो.चं पायपुसणं. निपाणीचे आप्पा, हे होते तेव्हाचे ह्यांचे तंबाखूवाले मालक. जैन असून दरवर्षी येतात. त्यांची बोली लागली नि आमच्या रीतीनं ओरडले, "परत लावा!" म्हणजे वस्तू दान, पुन्हा बोली, केंद्राला आणखी पैसे. टाळ्या. पुढच्यानं घेतलं, "परत लावा!" मग तिसऱ्यानं. लई कौतुक. मी पण खुळ्यासारखी टाळ्या पिटत होते. रो.कडं बघितलं तर तोंड पांढरंफटक. उठली, टेबलावरनं पायपुसणं ओढलं, काखेत मारलं नि चालू लागली.
वाटेत म्हणाली, "कुणालाच नको."
समजावलं, शेवटी ओरडले पण. रीत, दान, बोली... तिला काय कळणार? तिला एवढंच दिसलं. घेतलं नि परत दिलं.

मंगळ., २० जाने.
केंद्राला गेली न्हाय. दिवसभर पायपुसणं उसवत बसलेली. जेव म्हटलं तर, "वाकडं झालतं." वाकडं मीच म्हटलेलं. माझ्या जिभेला हाड म्हणून न्हाय.

शनि., २४ जाने.
सि. मेबल आल्या. रो. पलंगाखाली जाऊन बसली, हाका मारून बाहेर येईना. सिस्टरांचे डोळे भरले. "पुढच्या वर्षी ही रीतच बंद करते." पुढच्या वर्षी! तोवर मी... जाऊ दे.

मंगळ., २७ जाने.
आप्पा आले, स्वतः, निपाणीहून. सिस्टरांकडनं कळलं त्यांना. पायरीवरच बसले.
"रोझी, माझं पायपुसणं कुठाय गं?"
तिनं चिंध्यांच्या ढिगाकडं बोट केलं. आप्पांनी एक चिंधी उचलून बघितली. मग म्हणाले, "दुसरं करून दे. ह्या बारीला परत न्हाय देणार. दारातच टाकतो बघ."

जाताना मला म्हणाले, "बरं वाटंल म्हणून केलतं, बाई."
व्हय आप्पा. सगळ्यांनी बरं वाटावं म्हणूनच केलतं.

बुध., २८ जाने.
चप्पल अजून कोपऱ्यातच. केंद्राचं नाव काढायला धीर होत न्हाय. दुपारी रो.नं चिंध्या मांडीवर घेतल्या. एक लाल, एक निळी. विणलं काही न्हाय, नुसत्या शेजारी ठेवल्या. मग माझ्याकडं न बघता, "आप्पा टाळ्या न्हाय ना वाजवणार?"
न्हाय म्हटलं.
"आणि तू?"