दौंडला इंजिन बदलतं

२५ ऑक्टोबर, शनिवार
भाऊबीज होऊन दोन दिवस झाले तरी मेहुण्याच्या, म्हणजे श्रीमंतच्या, गाडीचं कौतुक संपेना. सात सीटची. आत मोगऱ्याचा कसलासा वास मारून ठेवलाय, बसल्या बसल्या मळमळतं. श्रीमंत जाताना आईला म्हणाला, मावशी, एकदा पुण्याला चला, शनिवारवाडा दाखवतो. आई एवढी खुलली की मला शिसारी आली. आबांनी तिला त्या दरवाजाच्या खिळ्यांचं वर्णन जन्मभर ऐकवलं. न्यायचं राहिलं आणि आबाच गेले. आता न्यायचं काम मुलाचं. मेहुण्याचा संबंध काय?
ठरलं. मी नेणार, आणि रेल्वेनं.

२ नोव्हेंबर, रविवार
येत्या शनिवारची तिकिटं काढली. दुसरा शनिवार, मला ऑफिस नाही, धनश्रीला शाळा नाही. रोहिणी म्हणाली, दादाची गाडी दारात उभी राहील, रेल्वेचा कुटाणा कशाला? ह्या बायकोला प्रवास म्हणजे काय ते कधी कळणार नाही.
संकल्प: प्रवासात चिडायचं नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
आईला गाडीत उलट्या तोंडानं बसलं की उमासे येतात. रोहिणीला वाटलं मी इथं अडकणार. पण पुण्याला कॉलेजात असताना हा मार्ग मी कोळून प्यायलोय. नगरहून निघालेली गाडी दौंडला इंजिन बदलते आणि पुढचं मागं होऊन पुण्याकडे जाते. म्हणून दौंडपर्यंत आई उलटी बसेल, पोट रिकामं असताना काही होत नसतं. दौंडनंतर आपोआप सुलटी. मग डबा खायचा. असं प्लॅनिंग श्रीमंतला सात जन्मात जमणार नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार, सकाळ, गाडीत
गाडी लेट. संडासाकडे बघवत नाही. समोरच्यानं उकडलेली अंडी काढली, टरफलं माझ्या चपलेवर. चिडलो नाही, फक्त त्याला सांगितलं की तुमच्यासारख्यांमुळे देश मागे आहे.
आई उलटी बसली आहे. नाकाला लिंबू. समोरची सीट दोनदा मागितली. म्हटलं, दौंडपर्यंत दम धर. ती म्हणाली, "आरं, पन पोट दौंडापर्यंत थांबंल का?" श्रीगोंद्याच्या पुढे थांबलं नाही. तिच्या नव्या लुगड्यावर, माझ्या पँटवर. किळस आली, पण प्लॅन बदलला नाही.

८ नोव्हेंबर, दुपार, एसटीत
शांतपणे लिहितो.
गाडी एका नव्याकोऱ्या स्टेशनावर थांबली. पाटीवर दौंड कॉर्ड लाईन. चहावाला नाही, भजी नाही. हे दौंड असू शकत नाही. उतरून बघितलं, इंजिन होतं तिथंच होतं. इंजिन न बदलता गाडी पुढं गेली तर ती सोलापूरला जाणार, हे नगरचं शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे आपण चुकीच्या गाडीत बसलो. क्षणाचाही विलंब न करता सगळ्यांना खाली उतरवलं. धनश्री म्हणाली, पप्पा, मोबाईलवर पुणंच दाखवतंय. म्हटलं, तुझ्या मोबाईलच्या आधीपासून मी ह्या लाईनीवर आहे. आई म्हणाली, "समदी लोकं बसूनच हायेत, मंग आपुनच का उतारलो?" म्हटलं, त्यांना अजून कळलं नाही.
गाडी सुटली. भोंग्यातली बाई सांगू लागली की गाडी पुण्याकडे रवाना होत आहे. अंड्यावाल्यानं खिडकीतून हात हलवला.
आता म्हणे दौंडच्या बाहेरूनच नवी लाईन टाकली आहे, इंजिन बदलावं लागत नाही. पुढची गाडी तिथं थांबणारी नव्हती. आईला उभं राहवेना. रिक्षानं दौंड, तिथून नगरची एसटी. रोहिणी भावाला फोन लावत होती, मी फोन काढून घेतला.
वाटेत काष्टीचा जनावरांचा बाजार. एसटीच्या चारी बाजूंनी बैल आणि बोकड. वास सांगवत नाही. आईनं खिडकीतून बोकडं बघितली, मग डोळे मिटून घेतले. आबांचं काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

९ नोव्हेंबर, रविवार
एवढा मार्ग बदलतात आणि जुन्या प्रवाशाला कळवत नाहीत. तक्रार करणार आहे.
पँटचा वास जात नाही. रोहिणी बोलत नाही. ही शांतता एरवी मिळत नाही, तेवढाच फायदा.

१२ नोव्हेंबर, बुधवार
तक्रार करायला वेळ झाला नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ
सगळे श्रीमंतच्या गाडीतून पुण्याला गेले. मी परवानगी दिली. आज नळाला पाणी यायचं होतं, घरी कुणीतरी लागतंच. आलं नाही.
दुपारी धनश्रीनं फोटो पाठवला. दरवाजाखाली आई, मान वर करून खिळे बघतेय. पदर तोंडाला लावलाय. मोगऱ्याच्या वासानं तिला काही झालं नाही म्हणे. पुढच्या सीटवर बसली होती.
आल्यावर माझ्या हातात बाकरवडीचा पुडा दिला. म्हणाली, "तुझ्या बापानं सांगितल्यापरीस खिळं लई मोठं हायेत." मग म्हणाली, पुढच्या खेपेला तुलाबी नेऊ. मी लहान असताना ती बाजारातून येऊन असंच म्हणायची. वाईट वाटलं. पुडा उघडला नाही.
मग धनश्रीनं सांगितलं. गाडीत श्रीमंतनं हसत हसत विचारलं, दाजींचं त्या दिवशी नेमकं काय झालं? धनश्री तोंड उघडणार तेवढ्यात आईनं तिला चिमटा काढला आणि म्हणाली, "गाडीच बंद पडली दौंडात. आमचा वाल्मिक हुता म्हून धड घरी आलो."
आधी मला संतापच आला. मग नीट विचार केला. गाडी तिथं बराच वेळ विनाकारण उभी होती. इंजिन जागचं हललं नव्हतं. म्हणजे बिघाड असणारच, भोंग्यातल्या बाईला काय माहीत?
तर नोंद करून ठेवतो. ८ नोव्हेंबरला गाडी बंद पडली होती. आई आयुष्यात कधी खोटं बोललेली नाही.