हौदातलं पाणी

नॉर्थम्बरलंड, २ ऑक्टोबर २०२४

ती. बाबांना अक्षयाचा सा. न. वि. वि.

फोन तुम्ही दोन मिनिटांत ठेवता, म्हणून पत्र. आईनं दामटून शिकवलेलं मराठी कामी येतंय.

नव्या बायपासखाली जाणारा आमच्या उत्खननातला जळक्या दगडांचा ढीग तुम्ही ओपन डेला, लोकांना साइट दाखवली तेव्हा, पाहिलात ना? चार हजार वर्षांपूर्वी लोक दगड तापवून शेजारच्या लाकडी हौदात टाकायचे आणि पाणी गरम करायचे. कशासाठी, ते कुणालाच नक्की ठाऊक नाही. परवा हौदातला गाळ चाळला, तर भाजलेल्या हाडाचे पांढरे कण निघाले. माणसाचं असावं म्हणतात. अशा ठिकाणी ते सहसा मिळत नाही. माझ्या बॉसनं, हेलननं, रस्त्याचं काम थांबवायला लावलंय. शुक्रवारी, अकरा तारखेला, रिपोर्ट माझ्या नावानं जाईल. इतकी खूश झाले, की आईला फोन करायला हात गेला.

वेळेवर जेवा. उत्तरात नुसतं ‘ठीक’ लिहिलंत तर चालणार नाही.

तुमची,
अक्षया

पिनर, ५ ऑक्टोबर

चि. अक्षयास अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. रिपोर्ट पाठवू नकोस. ते हाड तुझ्या आईचं आहे.

ओपन डेला माझी पिशवी बघून तू हसलीस, की बाबांनी दोन दिवसांचा डबा आणलाय. डबा नव्हता. दोन वर्षं सुचेताच्या अस्थी कपाटात आहेत. भारतात न्यायचं जिवावर आलं, कारण मग घरात मी एकटाच. तुझ्या साइटजवळ ओढा होता. वाहतं पाणी, लेकीच्या कामाची जागा. तू चहाला गेलीस तेव्हा ओढ्यात हात घालून पाहिला. बोटं बधिर झाली. तिला या देशात तीस वर्षं थंडी वाजली, उन्हाळ्यातही पायमोजे घालायची. मग मागे वळलो. हौदात पावसाचं पाणी साचलं होतं. इथे पाणी गरम करायचे, एवढंच डोक्यात राहिलं. मूठभरच सोडल्या, बाकीच्या परत आणल्या.

तुझं काम मी नासवलं. हेलनबाईंना माझं नाव सांग. रागाव, पण बोलणं टाकू नकोस.

तुझा,
बाबा

नॉर्थम्बरलंड, ९ ऑक्टोबर

ती. बाबांना सा. न. वि. वि.

हेलनला सगळं सांगितलं. हौदातले सगळे नमुने बाद झाले. सोमवारी रस्त्याची यंत्रं येतील. पुढच्या साइटवर मला घेतील की नाही, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मला खूप राग आलाय. रिपोर्ट हातचा गेला त्याचा आहेच. पण मी वीस पावलांवर चहा पीत होते आणि तुम्ही हाक मारली नाहीत. ती माझी आई होती.

हेलननं ते कण एका डबीत घालून, वरचा नमुन्याचा नंबर पुसून माझ्या हातात दिले. डबी माझ्या कोटाच्या खिशात आहे. रविवारी पहिल्या ट्रेननं या. कपाटातलं सगळं आणा. आपण दोघं मिळून ओढ्यात सोडू.

येताना मोठा थर्मास आणा. स्टेशनवर गरम पाणी भरून घेऊ.

तुमचीच,
अक्षया