फाट्यावरची बारीक तार

१२ एप्रिल २०१६
परत उडाला! मोटर सुरू होऊन घटका झाली न्हाई तोच फाट्यावरचा फ्यूज गेला. पाणी संस्थेच्या टाकीखाली आमची रांग, अन् तोटीला थेंब न्हाई. साऱ्या बायका माझ्याच तोंडाकडं बघतात. मी काय केलं? झिरो वायरमनची बायको, एवढाच माझा गुन्हा. खरा वायरमन केजला बसतो. खांबावर चढतात ते हे — अन् शिव्या खातेय मी.

१३ एप्रिल
सकाळी ह्यांना म्हणलं, अवं, जाड तार कावून घालत न्हाई? सगळी गावं घालतात. तर हातातली भाकर ठेवून मला शिकवायला बसले. वरच्या लाईनीत अकरा हजार व्होल्ट. फाट्यावर तीन नळ्या, नळीत बारीक तार. कुठं लाईन तुटली, तारेला तार लागली, की करंट एकदम उसळतो. मग ती बारीक तार वितळती, नळी खाली लोंबकळती, अन् पुढची लाईन मरून जाती.

"ती जळायलाच असती, रतन. ती जळली न्हाई तर माणूस जळतंय."

मग रोजच कावून उडती? म्हणे, साऱ्यांनी बोअरला ऑटो स्विच बसवलेत. लाईट आली की सगळ्या मोटरी एकदम उठतात, भार सोसत न्हाई. पाळी लावा म्हणून ह्यांनी संस्थेत किती वेळा सांगितलं. कोण ऐकतंय! शेजाऱ्याची मोटर आधी चालली तर जमिनीतलं पाणी तोच ओढून घेईल, ह्या भ्यानं एकजण स्विच काढायला तयार न्हाई.

१५ एप्रिल
मिटिंग झाली. चेअरमन राधाकिशन तात्यांनी ह्यांना जाड तार घालायला सांगितली. हे न्हाई म्हणाले. सरळ तोंडावर! मग तात्यांचा पुतण्या बद्रीनाथ चढला अन् अल्युमिनियमच्या तारेला पीळ देऊन तिन्ही नळ्यांत घालून आला. संध्याकाळी पाणी आलं. केसरमावशी ह्यांचं नाव घेऊन मला ऐकू जाईल असं म्हणाली, मुंजाजीला नुसता मोठेपणा पायजे. मी खाली बघून घागर भरली.

१६ एप्रिल
पाणी हाय. डोकं धुतलं.

२० एप्रिल
दुपारी हे पक्कड घेऊन गेलते. आले ते घामाघूम. विचारलं तर हळूच म्हणाले, सबस्टेशनला फोन करून लाईन बंद करून घेतली अन् बारीक तारा परत घातल्या. कुणाला बोलू नको.

लई चिडले मी. नाही नाही ते बोलले. गावाचं पाणी तोडणारा नवरा कुणाच्या नशिबी असतो? हे उपाशीच झोपले. मीबी उठवलं न्हाई.

२१ एप्रिल
दिवेलागणीला वावटळ सुटली. पाऊस न्हाई, नुसती माती. टाकीखाली आमी पदरात तोंड घालून उभ्या. पाणी नुकतंच सुटलं होतं. तेवढ्यात फाट्याकडं धाडदिशी आवाज झाला अन् सगळं बंद. बद्रीनाथ बॅटरी घेऊन पळाला. तिन्ही नळ्या खाली लोंबकळत होत्या. एकीतून बारीक तारेचं टोक दिसलं, अन् कुणाचं काम ते साऱ्यांना कळलं.

तात्यांनी ह्यांच्या कानफटात मारली. बायकापोरांसमोर! हे एवढंच म्हणाले, "तात्या, आधी लाईन फिरून बघू द्या. मगच नळ्या उचला."

बद्रीनाथ जाड तार घालून लाईन चालू करायला निघाला तर ह्यांनी त्याच्या हातातला नळ्या उचलायचा लांब बांबू हिसकला अन् खांबाला पाठ लावून खाली बसले. चौघांनी ओढलं, लाथा घातल्या. बांबू सोडला न्हाई. शेवटी लोक थुंकून घरी गेले. हे अजून तिथंच हायेत. मी भाकरी घेऊन गेले न्हाई. लाजेनं मरावं वाटतंय. पिशवी भरून ठेवली, उद्या पहिल्या जीपनं चौसाळ्याला माहेरी जाणार. आता ह्या माणसाचं तोंड बघायचं न्हाई.

२२ एप्रिल
गेले न्हाई. उजाडल्यावर ह्यांच्यासंगं लोकांनी लाईन फिरून बघितली. टाकीजवळच्या खांबावरची वरची तार तुटलेली, बाकी दोघींना अडकून खाली सांडपाण्याच्या चिखलात आलेली. बरोबर आमच्या रांगेत.

काल त्या अंधारात माझ्या घागरीवर काहीतरी पडलं होतं. कपड्याची दोरी समजून मीच ते हातानं उचलून बाजूला टाकलं.