साथीच्या वर्षातली कबड्डी

बाई, आज तुमच्याशी बोलावंसं वाटलं म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्हाला मैदानावर पाहिलेलं कॉलेजात आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. तुमच्या जागेवर मी आहे. क्रीडा विभागाची खोली तीच, वरचा पत्राही तोच, पाऊस लागला की आत बोललेलं ऐकू येत नाही. मातीचं मैदान मात्र गेलं. पोरी आता मॅटवर खेळतात, बूट घालून. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "गुडघं फुटल्याबिगर कसली गं कबड्डी?" आणि कुणी बघत नाही असं पाहून स्वतःच त्या मॅटवर एक चढाई करून आला असतात.

मला तुमचा हात आठवतो. दम शिकवताना तुम्ही तळहात आमच्या तोंडासमोर धरायच्या. आम्ही कबड्डी कबड्डी घुमवत राहायचं आणि तुमच्या तळव्याला गरम वाफ लागत राहायला हवी. मध्येच गार लागलं की दम तुटला. पंच कानानं ऐकतो, पण कान फसतो, हात फसत नाही, असं तुमचं म्हणणं. सकाळी फक्की टाकून मैदानाच्या रेघा तुम्हीच आखलेल्या असायच्या, त्यामुळे त्या हाताला चुन्याचा वास यायचा. आमच्यातल्या प्रत्येकीचा श्वास तुम्हाला ओळखू यायचा. "कच्चा कांदा खाऊन आलीस व्हय?" असं म्हणून तुम्ही हात साडीला पुसायच्या आणि पुन्हा पुढे धरायच्या. नंतर मी खूप जणांकडून शिकले, शिबिरं केली, परीक्षा दिल्या. तसा हात पुन्हा कुणी तोंडासमोर धरला नाही.

मी दुसऱ्या वर्षाला असताना डोळ्यांची साथ आली होती. अंतिम सामन्याच्या सकाळी माझे दोन्ही डोळे लालभडक. मी भावाचा गॉगल लावून मैदानावर आले आणि मला सगळं नीट दिसतंय, खेळू द्या, म्हणून तुमच्या मागे लागले. तुम्ही गॉगल काढलात, बघितलंत आणि म्हणालात, "तुला दिसतंय की. मला बी दिसतंय. कबड्डीत तोंडाला तोंड लागतंय, समोरच्या पोरींनी तुझं काय घोडं मारलंय? बस तिकडं." मी बसले. आपण हरलो. त्यानंतर मी तुमच्याशी बोलणंच टाकलं. वाटेत दिसलात तर पलीकडून जायचे. शेवटी तुम्ही निरोप धाडून घरी बोलावलंत. अजून दिसतं मला ते. तुम्ही चुलीसमोर भाकरी थापताय, मी उंबऱ्यात तोंड फुगवून उभी. मागे न बघताच तुम्ही म्हणता, "बोल काय बोलायचं त्ये. मनात ठिऊ नगंस. मी हाय की ऐकायला." आणि मी बोलते, नको नको ते बोलते. तुम्ही भाकरी उलटत ऐकून घेता. मग ताटात गरम भाकरी, दही, शेंगदाण्याची चटणी वाढता आणि इतकंच म्हणता, "फुडच्या वर्षी खेळ." पुढच्या वर्षी मी खेळले आणि आपण जिंकलोही.

तुमच्यानंतर फार मोठी साथ आली, बाई. करोना म्हणायचे तिला. ती श्वासातूनच पसरायची. माणसं तोंडाला फडकी बांधून लांब लांब उभी राहायची आणि आपला खेळ म्हणजे समोरच्याच्या तोंडावर दम घुमवत जायचं, हातात हात घालून साखळी करायची. कॉलेज बंद होतं तेव्हा मी पोरींना मोबाइलवर सराव द्यायचे. कुणी गच्चीवर, कुणी अंगणात चढाई करायची. राधानगरीकडच्या एका पोरीनं गोठ्यासमोर दम धरला की मागून म्हैस रेकायची आणि आम्ही सगळ्या हसून हसून बेजार. ती पोरगी संघातली सगळ्यात चांगली चढाईपटू. शेवटचं वर्ष. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर उभं राहायचं, नाहीतर परीक्षा झाली की लग्न, असं तिच्या वडिलांनी सांगून टाकलेलं.

साथ जरा ओसरल्यासारखी वाटली आणि विद्यापीठाचा संघ ज्यातून निवडतात त्या स्पर्धा जाहीर झाल्या. प्राचार्यांनी सगळ्या संघांच्या प्रशिक्षकांना बोलावून घेतलं. क्रिकेटवाले जाऊ देत, मोकळ्या हवेतला खेळ, असं ठरलं. कबड्डीवर आल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. "तुम्ही म्हणाल तसं, मॅडम," प्राचार्य म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी पोरींना मैदानावर बोलावलं. सगळ्या अंतर राखून उभ्या. राधानगरीची पोरगी आधी बोलली, आपल्याकडच्या पोरी पोरांसारख्या बोलतात तशी. "आमच्यात सगळ्यांस्नी हून गेलाय, मॅडम. आता कशाला भ्यायचं? मी जातो." बाकीच्यांनी माना हलवल्या. सगळ्यात मागे एक अबोल पोरगी उभी होती. आधीच्या पावसाळ्यात तिचे वडील याच आजारात गेले होते. घरी आई आणि थकलेली आजी. ती म्हणाली, "सगळ्या निघाल्या तर मी बी येतो." तिनं येत नाही म्हटलं असतं तर मी कदाचित बाकीच्यांना घेऊन गेले असते. ती येते म्हणाली आणि मला ते सोसवलं नाही. मी नाही म्हणाले. राधानगरीची पोरगी म्हणाली, "फुडच्या वर्षी मी हाय का मॅडम हितं?" तुमचा नकार माझ्याजवळ होता, बाई, पण तुमचं पुढचं वर्ष माझ्याजवळ नव्हतं. घरी बोलावून जेवायला घालावं, तर तेही त्या दिवसांत चालणारं नव्हतं.

स्पर्धा झाल्या. ज्या कॉलेजांनी कबड्डीचे संघ पाठवले, त्यांच्या पोरी ठणठणीत परत आल्या. कुणाला साधी सर्दीही झाली नाही. मी तिकडच्या मॅडमना फोन करकरून विचारत होते आणि त्या दर वेळी सगळं छान आहे म्हणून सांगत होत्या. आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण फोन ठेवल्यावर मी त्या पत्र्याखाली कितीतरी वेळ नुसती बसून राहायचे. तेव्हा तुम्ही फार हव्या होतात मला. चूक की बरोबर हे सांगायला नव्हे. तुम्ही खोलीत यावं, पंखा लावावा, "चल, च्या घिऊ" म्हणावं, इतकंच.

राधानगरीच्या पोरीचं लग्न झालं, उचगावात दिली. या जूनमध्ये ती अचानक कॉलेजात आली. अंग भरलंय, कडेवर मूल आणि सोबत नणंद. नणंदेचा प्रवेश घ्यायचा होता. "पाय लई चपळ हाईत हिचं. संघात घ्या," म्हणाली. मी त्या मुलीला दुसऱ्या दिवशी सरावाला यायला सांगितलं. निघता निघता ती दारात थांबली, मूल या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, "माझा राग न्हाय गेला बरं का मॅडम तुमच्यावरचा. भांडी घासताना सुदीक तुमच्याशी भांडतो मी."

"भांड," मी म्हणाले. "इथं येऊन भांड."

"यीन की," ती म्हणाली आणि हसली.

ती गेल्यापासून मनात घोळत होतं ते आज लिहायला घेतलं. हे कुठं धाडायचं नाही हे मलाही कळतं. लिहिता लिहिता एक गोष्ट ध्यानात आली, ती सांगते आणि थांबते. मला त्या पोरीचा हेवा वाटला, बाई. तिला भांडायला मी आहे.